प्रतिनिधीची येष्टी

महाडच्या नव्या कॉलेजात तर्कशास्त्राचा शेवटचा तास आणि पोलादपूरची येष्टी, दोन्ही एकाच वेळी सुटत. मग तिकडच्या पोरांनी एकतर लॉरीवाल्यांचे पाय धरायचे, नाहीतर स्वतःचे वापरायचे. हैबती दोन्ही पायांना इतका कंटाळला, की विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडणुकीला उभा राहिला. गाडी मिळून उजेडी घरी पोचावं, एवढीच त्याची राजकीय महत्त्वाकांक्षा.

समोर चिंतामणी होता. त्याचं घर कॉलेजच्या फाटकासमोर. त्यानं क्रिकेटचं मैदान आणि तरुणांचं भवितव्य अशी दोन आश्वासनं दिली. हैबतीनं एकच दिलं, तास पंधरा मिनिटं आधी. हैबती निवडून आला. दासगावच्या पोरांनीही त्यालाच मतं दिली. त्यांची गाडी उलट दिशेला जायची, पण चुकायची तीही.

प्राचार्यांनी त्याला हार घातला, नारळ दिला. कालपर्यंत ते त्याला "ए पोलादपूर" म्हणत; आज "हैबतराव" म्हणाले. पहिल्याच सभेत मागणी आली. तर्कशास्त्राचे सर दुखावले.

"माझा निष्कर्ष शेवटच्या पंधरा मिनिटांत निघतो. पोरांनी काय नुसती गृहीतकं घेऊन घरी जायचं?"

"सर, निष्कर्ष आम्ही येष्टीत काढू," हैबती म्हणाला.

त्यावर महिनाभर चर्चा झाली आणि मागणी मंजूर झाली. पोरांनी हैबतीला खांद्यावर घेतलं आणि गाडी चुकेल म्हणून लगेच खाली ठेवलं. तोही धावत निघाला. तेवढ्यात शिपायानं हाक मारली.

"हैबतराव," प्राचार्य म्हणाले, "तास लवकर सुटल्यामुळे पाव तास मोकळा झालाय. त्या वेळात आपण रोज बसू. विद्यार्थ्यांची गाऱ्हाणी थेट माझ्या कानावर आली पाहिजेत."

"रोज, सर?"

"मान्यताप्राप्त प्रतिनिधी आहात तुम्ही!"

तेव्हापासून हैबती रोज स्टाफरूमच्या खुर्चीत बसून गाऱ्हाणी नाहीत असं सांगू लागला. खिडकीतून येष्टी दिसायची. शेजारच्या घरचा सदू तिच्यातून सगळ्यांच्या वतीनं हात हलवायचा. आधी गाडी चुकली तरी सोबत असायची, गप्पा असायच्या. आता रस्ता सगळा त्याच्या एकट्याचा होता.

घरी आई म्हणाली, "सदू कवाच आला रे. तूच निवडून आलास ना? का तो आला?"

दुसऱ्या दिवशी हैबतीनं राजीनामा नेला. प्राचार्यांनी तो वाचला, दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आणि परत दिला.

"हा सभेपुढे ठेवावा लागेल."

"सभा कधी, सर?"

"तास सुटल्यावर. पण या वर्षी सभेला कोणी येईल असं वाटत नाही. सगळ्यांना येष्टी मिळते ना आता. तुमचीच कृपा."

हैबती खाली आला. नाक्यावर उभा राहिला. महाबळेश्वरला बटाटे आणायला निघालेली रिकामी लॉरी थांबली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"कोन रे तू? रोज हितंच उभा असतोस."

"प्रतिनिधी हाय."

"कुनाचा?"

"येष्टीनं जानाऱ्यांचा."

ड्रायव्हरनं त्याच्याकडे बघितलं. मग मोकळ्या रस्त्याकडे बघितलं.

"मागं बस," तो म्हणाला. "गोनपाटं हायेत, झोप जरा."