नरसाळ्याखालचं पाणी

"अहो यज्ञेश्वर, सामान उद्या भोपाळला निघतंय. आता कसले नमुने घेता?" डॉक्टर श्रीकांतांनी विचारलं.

"एकच नरसाळं उघडतो साहेब. संध्याकाळी परत बांधून देतो."

मध्य भारत हे राज्य जाऊन नवा मध्य प्रदेश झाला, तशी उज्जैनची जनावरांची प्रयोगशाळाही उठली. यज्ञेश्वरची सगळी नोकरी इथंच गेली होती. पेंढ्यात गुंडाळलेली काच त्यानं पुन्हा बाहेर काढली, ती ओट्यावर बसलेल्या बाईकडे पाहून. तिच्या कपाळाला रक्ताळलेली चिंधी बांधलेली होती.

कालू गडरियाच्या शेळ्या खोकून खोकून मरत होत्या. त्याच्या विधवा भावजयीची, केसरची, नजर लागते असं गावानं ठरवलं आणि कुणीतरी तिला दगड मारला. कालू मेलेल्या शेळीचं फुप्फुस घेऊन आला, तेव्हा केसरही आपणहून त्याच्यामागं चालत आली होती.

यज्ञेश्वरनं फुप्फुस कात्रीनं बारीक केलं, फडक्यात सैलसर बांधलं आणि नरसाळ्यातल्या कोमट पाण्यात सोडलं. नरसाळ्याच्या खालच्या टोकाला रबरी नळी, नळीला चिमटा. मांसात अळ्या असल्या तर त्या वळवळत पाण्यात उतरतात आणि तळाशी जमतात. मात्र तिथं घाई चालत नाही. दुपारी त्यानं आपल्या डब्यातली पोळी केसरला दिली. तिनं ती मोडून अर्धी दिराला दिली.

उन्हं कलल्यावर त्यानं चिमटा सैल केला, थेंबभर पाणी काचेवर घेतलं, मायक्रोस्कोपखाली पाहिलं आणि कालूला बोलावलं.

कालू कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. "ये तो जिंदा हैं," तो पुटपुटला.

"खाँसी इन्हीं की है. नदी किनारे की गीली घास में घोंघे रहते हैं, उनसे आते हैं. बकरियाँ ऊपर चराया करो. नजर-वजर कुछ नहीं," ओल्या गवतातल्या गोगलगायींचं हे गणित यज्ञेश्वरनं त्याला समजावलं.

कालू बाहेर गेला. मान खाली घालून म्हणाला, "भाभी, तुम भी देख लो."

केसर जागची हलली नाही. "मैं क्या देखूँ? मुझे तो मालूम था."

ती आता रडेल, असं यज्ञेश्वरला वाटलं होतं. तिनं पदर सारखा केला आणि ती फाटकाबाहेर पडली. गाव डाव्या हाताला होतं. ती उजवीकडे, माहेरच्या रस्त्याला लागली. कालूनं हाक मारली, मग पुन्हा मारली. तिनं मागं पाहिलं नाही. पावलं मात्र सावकाशच पडत होती.