मधल्या खुर्चीची पैज

जर्मनीतल्या कासेलच्या नेमबाजी क्लबच्या मागची खोली दर शनिवारी दुपारी गाणी ऐकणाऱ्यांच्या मंडळाला मिळायची. खोलीत पाच खुर्च्या होत्या, पण खरी खुर्ची एकच, मधली. दोन्ही स्पीकरपासूनचं अंतर मोजून ती जमिनीला पक्की ठोकलेली होती आणि एकोणीस वर्षं तिच्यावर फोल्कमार बसत होता. गाणं संपलं की बाकीचे चौघे वळून त्याच्याकडे बघायचे. तो डोळे मिटून जरा वेळ थांबायचा, मग निकाल द्यायचा, आणि तो मंडळाच्या पत्रिकेत छापून यायचा. रिटायर झालेल्या माणसाला कोण कुत्रं विचारतं? फोल्कमारला चार माणसं विचारत होती, आणि तेवढ्यावर तो आठवडाभर ताठ मानेनं हिंडायचा.

आणि ही बया त्याला त्या खुर्चीवरून उठवायला निघाली होती.

बया म्हणजे त्या चौघांतलीच गेर्लिंडे. सव्वीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडलेली, पन्नाशीची, तोंडानं फटकळ. भांडण लागलं ते एका पेटीवरून. हल्ली गाणी इंटरनेटवरून येतात, आणि घरातली वायर एका छोट्या पेटीतून फिरून वाजवणाऱ्या यंत्रात जाते. अशी पेटी कुठल्याही दुकानात मिळते. फोल्कमारनं मात्र खास संगीतासाठी बनवलेली, विटेएवढी जड पेटी आणली आणि पत्रिकेत पानभर लिहिलं, की हिच्यामुळे व्हायोलिनला काय गोडवा आलाय! पुढच्याच अंकात गेर्लिंडेच्या चार ओळी आल्या. ‘पेटीतून आकडे जातात. आकडा एकतर पोचतो, नाहीतर पोचत नाही. वाटेत त्याला सर्दी होत नाही. लेखकानं कान तपासून घ्यावेत.’

कान! फोल्कमारच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अकरा वर्षं अरे-तुरे करणारी ही दोघं त्या दिवसापासून अहो-जाहोवर आली. तो रोरिगसाहेब झाला, ती टीलेबाई झाली. आमच्या कासेलात याहून मोठी शिवी नाही. कानांचं म्हणाल तर फोल्कमारला कसलीच शंका नव्हती. गेल्या वर्षी ओव्हनची घंटा वाजेनाशी झाली म्हणून त्यानं नवा ओव्हन आणला होता. तोही नेमका बिघडलेलाच निघाला.

शेवटी पैज लागली. मंडळाचा चिटणीस हाइनर यानं ती रीतसर कागदावर उतरवली. पेटी बदलल्यानं आवाजात फरक पडतो असं ठरलं, तर टीलेबाई मंडळ सोडतील. नाही ठरलं, तर रोरिगसाहेब खुर्ची सोडतील. दोघांनी सह्या ठोकल्या.

त्या शनिवारी यंत्रांच्या कपाटावर चादर टाकली. चादरीमागे फोल्कमारची पेटी होती, आणि शेजारी गेर्लिंडेनं आणलेली साधी पेटी. घरी तळघरात धूळ खात पडलेली होती तीच ती घेऊन आली होती. हाइनरनं नाणं उडवून ठरवायचं, ती पेटी जोडायची, दुसरीचा प्लग काढायचा. तोच तुकडा दहा वेळा वाजवायचा, आणि बाकीच्यांनी चिठ्ठीवर लिहायचं, आत्ता कुठली पेटी होती.

“मशीन काढलंस का कानातलं?” फोल्कमारनं हाइनरला विचारलं.

हाइनरला दोन्ही कानांना मशीन होतं. ते मधेच शिट्टी मारतं म्हणून गाण्याच्या वेळी काढून ठेवायचं, असा नियम फोल्कमारनंच केला होता.

“काढलं रे बाबा. खिशात आहे.”

“बरं. बहिऱ्यांनी नुसती वायर बदलायची. ऐकायला आम्ही आहोत.”

हाइनर चादरीमागे गेला.

दहा फेऱ्या झाल्या. एकटं व्हायोलिन होतं, अगदी हळू. फोल्कमारला गोडवा आला की लख्ख कळत होता, आणि तो गेला की त्याच्या कपाळाला आठी पडत होती. तो न अडखळता लिहीत गेला. गेर्लिंडे मात्र तिसऱ्या फेरीपासून चुळबुळत होती. बरी जिरली, असं फोल्कमार मनात म्हणाला.

हाइनर चिठ्ठ्या वाचायला लागला. दाताचे डॉक्टर वीगांट, आठ बरोबर. त्यांची बायको इर्मेला, नऊ. गेर्लिंडे, दहापैकी दहा.

“दहापैकी दहा!” फोल्कमार उभाच राहिला. “तुमच्याच हातानं लिहिलंत ना, टीलेबाई? सर्दी होत नाही म्हणे! घ्या आता! उचला कोट!”

“थांबा,” गेर्लिंडे म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “हाइनर, यांची चिठ्ठी वाच.”

हाइनरनं चिठ्ठी दोनदा बघितली. “फोल्कमार... चार.”

“काहीतरीच! तूच वायरींचा घोळ घातला असशील.”

गेर्लिंडेनं उठून चादर ओढली, साधी पेटी जोडली आणि गाणं लावलंच नाही. खोलीत शांतता झाली.

“अगंबाई!” इर्मेला म्हणाली. “डास गुणगुणतोय जसा! मला वाटलं, स्पीकरमधूनच येतंय.”

“माझीच पेटी बोंबलतेय,” गेर्लिंडे म्हणाली. “तळघरात चालू होती तेव्हा कधी लक्षात आलं नाही. गाणं जसंच्या तसं आहे, हा आवाज पेटीच्या पोटातून येतोय.”

“मग मी काय वेगळं सांगत होतो?” फोल्कमार ओरडला. “पहिल्या फेरीपासून डोकं उठवलंय तुमच्या त्या खटाऱ्यानं!”

गेर्लिंडेनं त्याच्याकडे नीट बघितलं. तिचा एक हात कपाटामागे होता.

“अजून येतोय का आवाज, रोरिगसाहेब?”

“म्हणजे काय! कान किटलेत माझे.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. इर्मेलानं आणलेल्या आलुबुखाराच्या केककडे ती स्वतःच टक लावून बघत बसली. गेर्लिंडेनं कपाटामागचा हात पुढे आणला. त्यात साध्या पेटीचा प्लग होता, वायरीसकट काढलेला.

आता ही हसणार, आता ही पाणउतारा करणार, म्हणून फोल्कमारनं दात आवळले. हसली असती तर त्यानं तिला फाडून खाल्लं असतं. ती हसली नाही. तिनं प्लग त्याच्या खुर्चीच्या हातावर ठेवला आणि खुंटीवरचा कोट काढला.

“हाइनर, लिही. पेटी बदलल्यानं आवाजात फरक पडतो. पैज मी हरले.”

“अगं, असं कसं?” डॉक्टर म्हणाले. “तो फरक गाण्यातला थोडाच आहे!”

“खोलीत ऐकू आला की नाही? मी दहाच्या दहा ओळखले. सही माझी आहे, डॉक्टर.” दारात ती वळली. “खुर्ची सांभाळा, रोरिगसाहेब. ती तुमचीच.”

दार लागलं. एवढा संताप त्याला उभ्या आयुष्यात आला नव्हता, आणि तो काढायचा कुणावर तेही कळत नव्हतं. तो मधल्या खुर्चीवर जाऊन बसला. इर्मेलानं केक कापला. डॉक्टरांनी दुसरं गाणं लावलं, ते संपलं, आणि कुणीही वळून त्याच्याकडे बघितलं नाही. डॉक्टर आणि इर्मेला आपापसातच हळू बोलायला लागले, मग बशा घेऊन मोरीकडे गेले.

फोल्कमार उठला. गुडघे टेकून त्यानं साध्या पेटीचा प्लग लावला. हिरवा दिवा पेटला. त्यानं आधी डावा कान पेटीला लावला, मग उजवा. पेटी नुसती कोमट लागत होती.

“हाइनर,” मान वर न करता तो म्हणाला, “येतोय का रे आवाज?”

हाइनरनं खिशातून मशीन काढलं, एका कानात घातलं, दुसऱ्या कानात घातलं, आणि थोडा वेळ थांबला.

“येतोय,” तो म्हणाला. “मशीन लावलं की येतो.”