डावीकडची स्क्रीन

मार्दियोने बस पुन्हा डाव्या कठड्यावर घातली. काच फुटल्याचा आवाज झाला, तिन्ही स्क्रीन एकदम हादरल्या आणि गुमितीरच्या घाटात बस आडवी झाली. त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही ना, हे आधी पाहून घेतलं.

"होतं असं, बापाक," दुकानदार को तियोंग वडीलधाऱ्याशी बोलावं तसा म्हणाला. "इथे कोणी मरत नाही."

"माझ्या खऱ्या बसमध्येही कोणी मेलं नाही," मार्दियो म्हणाला.

ते खरं होतं. सुराबाया ते बान्युवांगी हा रस्ता त्याने उभं आयुष्य तुडवला होता. निवृत्त झाल्यावर तो घरात असा काही घुटमळायला लागला, की लेक वेनिंगने ईदला त्याला खेळण्यातलं स्टिअरिंग आणि बस चालवण्याचा हा खेळ आणून दिला. कुणा हौशी पोराने गुमितीरचा घाट वळणन्‌वळण त्यात उतरवलेला होता. पहिल्या दिवशी मार्दियोच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी बस डावीकडे धडकली आणि मग रोजच धडकू लागली. एका स्क्रीनवर डावी बाजू दिसत नाही, एवढंच त्याचं कारण, असं वेनिंगने ठरवलं. तीन स्क्रीन घ्यायच्या, एक समोर आणि दोन बाजूंना, म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसल्यासारखं होईल. म्हणून आज सगळे इथे आले होते.

सगळे म्हणजे तिघं. तिसरा पायमिन. तो दुकानाच्या दारातच उभा होता. खांद्यावर टॉवेल, हातात बर्फाच्या चहाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात नळी. खोकी न्यायला त्याची मालवाहू तीनचाकी हवी, म्हणून वेनिंगने त्याला परस्पर बोलावलं होतं. एरवी तो मार्दियोकडे फिरकत नसे.

"पाकलिक, आत या ना," वेनिंग म्हणाली. लहानपणापासून ती त्याला काकाच म्हणायची.

"इथे बरा आहे. गाडीकडे लक्ष राहतं."

गाडी समोरच होती आणि तिला कुत्रंही हुंगत नव्हतं.

हा पायमिन मार्दियोचा क्लीनर होता. बसच्या डाव्या दारात, पायरीवर एक पाय ठेवून, आयुष्यभर उभा राहिलेला. उजवीकडे बसलेल्या ड्रायव्हरला बसची डावी कड कितीशी दिसणार? ती पायमिन पाहायचा आणि ओरडून सांगायचा. हातातल्या नाण्याने दाराच्या खांबावर एक ठोका दिला की थांब, दोन दिले की सोड. मग कंपनीने नव्या बस आणल्या. डाव्या अंगाला कॅमेरा, ड्रायव्हरसमोर वीतभर स्क्रीन. मॅनेजरने मार्दियोला पहिल्या बसमध्ये बसवून विचारलं, दिसतं का? मार्दियो म्हणाला, दिसतं. विचारलं त्याचं उत्तर दिलं, एवढंच. आठवड्याभरात सगळ्या क्लीनरांना बिस्किटांचा एकेक डबा देऊन घरी पाठवण्यात आलं. पायमिन भांडला नाही. तो येईनासा झाला. मार्दियोला त्याची फार आठवण यायची, पण ते सांगणार कुणाला आणि कुठल्या तोंडाने?

को तियोंग आता रंगात आला होता. त्याने मधली स्क्रीन थोपटली.

"ही वक्र आहे, बापाक. तिन्ही अशाच घ्या. चंद्रकोरीसारख्या तुमच्याभोवती वळतात. आणि ही कड बघा, आहे का कुठे? दोन स्क्रीनच्या मध्ये केसाएवढी फट. डोळ्याला अडथळाच नाही."

मार्दियोने फटीवरून बोट फिरवलं.

"हे चुकीचं आहे."

"चुकीचं? अहो, या पातळ कडेसाठी लोक जादा पैसे मोजतात!"

"इथे दाराचा खांब असतो. चांगला मनगटाएवढा. खांब नसला तर क्लीनर धरणार कशाला?"

दारातून चहा ओढल्याचा मोठा आवाज आला. पिशवीत आता फक्त बर्फ उरला होता, तरी पायमिन नळी सोडत नव्हता.

"बरं, खांब राहू दे," को तियोंग म्हणाला. त्याने टेप काढला, मार्दियोच्या नाकापासून डाव्या स्क्रीनपर्यंत अंतर मोजलं, उजवीकडेही मोजलं, आणि डावी स्क्रीन आणखी थोडी आत वळवली. "दोन्ही बाजूंचं तोंड बरोबर तुमच्याकडे पाहिजे. अंतर सारखं, उंची सारखी. नियमच आहे तो. आता सांगा, डावी बाजू दिसते का?"

"दिसते," मार्दियो म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि त्याला लाज वाटली. दाराकडे पाहायचं धाडस त्याला झालं नाही. त्याने घाईघाईने बस सुरू केली.

घाटाआधीचं बाजाराचं गाव लागलं. डाव्या स्क्रीनवर सगळं लख्ख होतं. टपऱ्या, उभ्या केलेल्या मोटरसायकली, केळ्यांचे घड. वेनिंग बापाच्या खुर्चीमागे उभी होती आणि तिला एक गोष्ट पहिल्यांदाच दिसली. बापाची नजर समोर जात होती, उजवीकडे जात होती, पुन्हा समोर येत होती. डावीकडे ती एकदाही गेली नाही. डावी बाजू आली की तो मान किंचित कलती करायचा. कान द्यावा तशी.

"बापाक, डावीकडे बघा ना. आता तर मोठी स्क्रीन आहे."

"बघतोय की."

तो बघत नव्हता. टपरीमागून मासळीवाल्याची मोटरसायकल बाहेर आली, दोन्ही बाजूंना टोपल्या लादलेली. मार्दियो समोरच्या ट्रककडे पाहत बस डावीकडे घेत राहिला.

खट्‌!

दुकानाच्या दाराच्या चौकटीवर एकच ठोका पडला. मार्दियोचा पाय ब्रेकवर गेला. मासळीवाला वाचला आणि आपल्या वाटेने निघून गेला.

"आंधळे झालात का, कांग?" थोरल्या भावाला मारायची ती जुनी हाक मारत पायमिन आत आला होता. टॉवेल खांद्यावरून घसरला होता, नाणं बोटांत होतं. "टोपल्यांसकट बसखाली घातला असतात की त्याला! उजवी घ्या. अजून. अजून थोडी. अहो, नवरीसारखे लाजताय काय, घ्या! बस. आता डावी मोकळी. मोकळी, मोकळी, जाऊ द्या."

खट्‌-खट्‌. मार्दियोने गाडी सोडली. बाजार मागे पडला, घाट सुरू झाला. पहिलं वळण, दुसरं, मग रबराच्या झाडांखालचं ते घातकी वळण, जिथे तो रोज कठड्यावर जात होता. पायमिन त्याच्या डाव्या खांद्याशी वाकून उभा होता आणि डोळे बारीक करत होता.

"मला इथून नीट दिसत नाही, नुसतं धुकं आहे," तो कुरकुरला. "डावी... डावी मोकळी असावी. हां. मोकळी आहे. घ्या."

बस वळली. कठडा वीतभर अंतरावरून सरकत गेला. घाटमाथ्यावरच्या चहाच्या दुकानापाशी मार्दियोने गाडी उभी केली. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदा इथवर पोचला होता.

मग आपण कुठे उभे आहोत हे ध्यानात आल्यासारखा पायमिन मागे सरला. टॉवेल सावरला.

"जमतंय तुम्हाला," तो रुक्षपणे म्हणाला. "सरावाचा भाग आहे. शिवाय आता स्क्रीन आहेच. बांधून घ्या, मी गाडी वळवून आणतो."

"थांब," मार्दियो म्हणाला. "तू उभा होतास तिथून धुकं का दिसत होतं?"

उत्तर को तियोंगने दिलं. "अहो, ही वक्र आहे ना. ही मधोमध बसणाऱ्यासाठीच असते. बाजूने पाहिलं की चित्र पांढुरकं पडतं. पण बाजूने पाहायचंय कुणाला?"

मार्दियो उठला. त्याने भिंतीवरच्या सगळ्या स्क्रीन एकेक करून पाहिल्या. समोरून नाही, कडेला जाऊन, भिंतीला गाल लावून. एका सपाट स्क्रीनपाशी तो थबकला. ती दिसायला साधी होती, तिची काळी कड चांगली बोटभर जाड होती, पण कडेने पाहिलं तरी तिच्यावर लावलेल्या नमुना चित्रातले मासे तसेच लालभडक पोहत होते.

"समोरची आणि उजवीकडची ती तुमची वक्र द्या," तो म्हणाला. "डावीकडची ही."

को तियोंगने कपाळावर हात मारला. "जोडच बसणार नाही! दोन वाकड्या, एक सरळ. रंग वेगळा, उंची वेगळी. लोक हसतील, बापाक."

"लावून तर दाखवा."

वेनिंगने दुकानदाराकडे पाहून मान हलवली. को तियोंगने पुटपुटत स्क्रीन काढली, तारा जोडल्या आणि तिचं तोंड नियमाप्रमाणे मार्दियोच्या खुर्चीकडे वळवलं. मार्दियोने ती स्क्रीन दोन्ही हातांनी धरून हळूच उलट फिरवली, डावीकडे, बाहेरच्या बाजूला. मग कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढून त्या स्क्रीनसमोर ठेवलं आणि आपल्या जागी येऊन बसला.

"आता तुम्हाला काही म्हणता काही दिसणार नाही," को तियोंग म्हणाला.

"मला कुठे बघायचंय?"

तो समोर पाहत राहिला. त्याचे हात स्टिअरिंगवर होते. पायमिन गेला की काय, असं मार्दियोला वाटलं. वळून पाहावं तर तेही धीराचं काम.

"स्टूल बुटकं आहे," पायमिनचा आवाज डावीकडून आला. "आणि दारात कोणी बसत नसतं."

त्याने स्टूल पायाने सारलं आणि उभा राहिला. एका हाताने स्क्रीनची जाड कड धरली. थोडं वाकून चित्रातला बसचा डावा आरसा निरखून पाहिला, तोंड वाकडं केलं, आणि खांद्यावरचा टॉवेल काढून आरशाच्या जागी खसाखसा पुसायला लागला.

"अहो, कोरी स्क्रीन आहे! त्या फडक्याने नका!" को तियोंग ओरडला.

"किती दिवसांत पुसला नाही हा आरसा," पायमिन म्हणाला. पुसून झाल्यावर त्याने टॉवेल खांद्यावर टाकला आणि नाण्याने कडेवर दोनदा ठोकलं.

मार्दियोने गाडी सोडली.