मास्तरांचे ओळखीचे शेत

मित्रांनो, शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक वाकडे धूड दिसते ना, ते मी. एके काळचे दोन खुर्च्यांचे शिकाऊ विमान. आज ढकलले तरी मला हलता येत नाही, पण तेव्हाचा रुबाब काही औरच होता. नवे कोरे आले, तेव्हा माझ्या पंखात तोंड पाहून मास्तरांनी भांग पाडला होता! कितीतरी पोरे माझ्या डाव्या खुर्चीत घाबरत बसली आणि वैमानिक होऊन उतरली. उजवी खुर्ची मात्र कायम मास्तरांची.

वाटेत इंजिन बंद पडले तर कुठे उतरायचे, हा धडा मास्तर नेहमी एकाच शेतावर देत. टेकडीपलीकडचे, गवताने भरलेले, वरून गालिच्यासारखे सपाट. ते इंजिनाचा जोर काढून घेत, मी झाडांच्या शेंड्यांपर्यंत तरंगत खाली येई, की पुन्हा जोर देऊन वर. माझी चाके त्या मातीला कधी लागलीच नाहीत.

त्यांची लेक चिमणी शिकायला लागली, तेव्हा तिने विचारले, "बाबा, या शेतात आपण कधी पायी गेलोय का?"

"कशाला? जेवायला बोलावलंय का कुणी?" मास्तर हसले. "इतकी वर्षं बघतोय, चिमणे. पाठ आहे मला ते."

एका गार, दमट सकाळी तोच धडा चालला होता. शेंडे जवळ आले. चिमणीने जोर दिला. मी खोकलले आणि गप्प झाले.

"बाबा, उचलत नाहीये!"

"सोड, माझ्याकडे दे. पट्टा आवळ."

त्यांनी मला इतके अलगद टेकवले, की मला वाटले, आपण सुटलो. तेवढ्यात गवतात दडलेला पाण्याचा चर आला. वरून तो कधी कुणाला दिसलाच नव्हता. पुढचे चाक त्यात गेले आणि मी उताणे पडले. माझी उजवी बाजू बांधावर चेपली.

दोघे उलटे लटकत होते. पेट्रोल ठिबकत होते. चिमणी रडत पट्ट्याशी झटत होती.

"आधी छताला हात लाव," मास्तर म्हणाले. "मगच पट्टा सोड. नाहीतर मानेवर पडशील."

"आणि तुम्ही?"

"तू हो पुढे. मी आलोच."

ते आले नाहीत.

मला भंगारात काढायचे ठरले होते. चिमणीने काढू दिले नाही. आता तीच शिकवते. नव्या पोरांना आधी त्या शेतात आडवेतिडवे चालवते. "बाई, आपण उडायला आलोय की गुरं राखायला?" पोरे कुरकुरतात. मग मोज्यांत कुसळे रुतलेल्या त्या पोरांना ती माझ्यापाशी आणते आणि ताडपत्री उचलते. पुढे कुणी कुरकुरत नाही.

मित्रांनो, लांबून पाहण्याला ओळख म्हणू नका. ज्या जमिनीवर जीव सोपवायचा, तिच्यावरून एकदा तरी पायी चालून या. आणि माझ्याजवळून गेलात, तर ताडपत्री जरा नीट ओढून घ्या. चिमणी येते, तेव्हा उजव्या खुर्चीवर धूळ नसावी.