ताटाच्या कडेचा ठिपका

हवालदार अडीच वर्षांचा होता आणि त्याच्या ताटात पांढऱ्याशिवाय कशालाही प्रवेश नव्हता. दूध, भात, केळं, कुस्करलेला बटाटा, अंड्याचा पांढरा भाग. पिवळा बलक दिसला की दोन्ही हातांनी ताट लांब. नाव आजीने ठेवलेलं. जेवायला बसला की आधी वाकून, मग मान तिरकी करून, शेवटी बोटाने उकरून तो घासाची झडती घ्यायचा, म्हणून हवालदार.

त्याची आई रंगाच्या दुकानात कामाला होती. पांढऱ्या रंगात थेंबाथेंबाने दुसरा रंग मिसळून गिऱ्हाइकाला हवी ती छटा काढून द्यायची. त्यासाठी मशीन होतं. पण मशीनचा रंग कुणाला खटकला की मालक तिलाच हाक मारायचे. पांढऱ्यात पिवळा असा घालायचा की पिवळा दिसता कामा नये, हे तिला डोळे मिटून जमायचं.

हे सगळं आजीच्या जिवावर चाललं होतं. आता आजी धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला जाणार होती, म्हणजे हवालदाराची रवानगी पाळणाघरात. तिथल्या ताईंनी गोड आवाजात स्पष्ट सांगितलं होतं, "जेवण सगळ्यांना एकच. वेगळं काही आम्ही करत नाही, आणि उपाशी मूल दिवसभर ठेवतही नाही." तो जेवला नाही तर दुकान सोडावं लागणार होतं. घरात हे कुणी मोठ्याने बोललं नाही, पण ठाऊक सगळ्यांना होतं.

"भूक लागली की दगडसुद्धा खाईल," आजी म्हणाली.

"पांढरा असला तर खाईल, आई."

मग तिने धंद्यातलं डोकं चालवलं. फ्लॉवर वाफवला, बारीक वाटला, गाळला आणि बटाट्यात मिसळला. हवालदाराने झडती घेतली, काही सापडलं नाही, खाल्लं. दुसऱ्या दिवशी फ्लॉवर थोडा वाढवला. तोही गेला. तिला चेव आला. पांढऱ्यात केशरीचा एखादा थेंब पडला तर पांढरा नुसता ऊबदार दिसतो, केशरी कुणाच्या लक्षातही येत नाही. गिऱ्हाइकं हौसेने असला पांढरा घेऊन जातात. तिने चमचाभर गाजर घातलं. त्या दिवशी घाई होती, गाळायचं राहिलं.

रंग बरोबर जमला होता. पण रंगात धागा नसतो, गाजरात असतो.

हवालदार चावता चावता थांबला. तोंडात बोट घालून त्याने एक केशरी धागा बाहेर काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"हे काय?"

"काही नाही रे, बटाटाच आहे."

त्याने धाग्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तोंडातला घास ताटात काढून ठेवला. रडला नाही. रडला असता तर तिला परवडलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून बटाटाही बंद. मग भातही तो हुंगू लागला. "होतं तेही घालवलंस गं बाई," आजी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

त्याच आठवड्यात दुकानात एक बाई आल्या. मुलाच्या खोलीला हिरवा हवा होता आणि हिरव्याचीच भीती वाटत होती. आईने रोजचं बोलणं सुरू केलं, "डबा लगेच घेऊच नका. हा नमुना न्या, भिंतीवर हाताएवढा पट्टा मारा, येताजाता बघा. नाही पटला तर वरून पांढरा मारा, कुणी रागावत नाही."

"आणि पटायला वेळ लागला तर?"

"लागू दे की. भिंत कुठे पळून..." असं म्हणता म्हणता तिला घरचं ताट आठवलं. बाई नमुन्याची डबी हातात घेऊन वाट बघत राहिल्या.

संध्याकाळी तिने हवालदाराला ओट्याजवळ स्टुलावर उभं केलं आणि त्याच्यासमोर बटाटा सोलला, उकडला, कुस्करला. "बघ, बटाटा आणि मीठ. दुसरं काही नाही." ताटाच्या कडेला नखाएवढा केशरी ठिपका ठेवला.

"हे काय?"

"गाजर."

"नको."

"खायचं नाहीच आहे. नुसतं बसू दे तिथे."

"नुसतं बसायला?" आजी म्हणाली. "पाहुणा आहे का तो?"

"पावना," हवालदार म्हणाला आणि पाहुण्यावर एक डोळा ठेवून बटाटा खाल्ला.

त्यानंतर रोज एक पाहुणा आला. कधी वाटाणा, कधी बीट, कधी बलक. ती नाव सांगायची, तो 'नको' म्हणायचा, जेवण झालं की पाहुण्याला तीच तोंडात टाकायची. याहून जास्त काही घडत नव्हतं. तिकडे आजीची बॅग भरत आली होती.

आजी निघायच्या आदल्या दिवशी परत गाजर होतं. हवालदाराने ते बोटाने चिरडलं आणि टेबलावर लांब पट्टा ओढला.

"अगं, टेबल!" आजी ओरडली.

"असू दे, आई."

त्याने पट्ट्याकडे या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. मग बोट चाटलं. तोंड असं केलं की आजीला हसू आवरेना. "नको," तो म्हणाला. पण ताट ढकललं नाही.

पाळणाघराच्या दारात तिने ताईंना एवढंच सांगितलं, "ताटात सगळं वाढा. काय आहे ते खरं सांगा. आग्रह करू नका."

"आणि जेवला नाही तर?"

"मग न्यायला येईन."

दुपारी फोन वाजला तेव्हा मशीनखाली डबा होता. तिने हात पुसले, फोनवर पाळणाघराचं नाव पाहिलं. मग उचलला.

"बटाटा खाल्ला," ताई म्हणाल्या. "गाजर आधी शेजारच्या मुलीला भरवलं. मग एक तुकडा स्वतः चावला, बाहेर काढून बघितला आणि परत तोंडात घातला. हे असंच असतं का हो त्याचं?"

"असंच असतं."

"बरं. उद्या भोपळा आहे, आधीच सांगून ठेवते."

"मला नको, त्याला सांगा," ती म्हणाली. "भोपळा आहे, असंच सांगा."

फोन ठेवला, नाक पुसलं आणि डब्यात हिरव्याचे राहिलेले थेंब सोडले. बाईंना तो हिरवा पटला होता.