उघडा तळहात

दोर तारेचा असला तरी तुटतो, हे मला मान्य आहे. ओढताना तुटतो, गंजून तुटतो. पण मी स्वतः हात फिरवून पास केलेला, खुंटीवर नीट टांगलेला दोर दुसऱ्या दिवशी शेडमागे वीतवीतभर तुकड्यांत सापडला, तर त्याला तुटणं म्हणत नाहीत. त्याला कापणं म्हणतात. आणि आमच्या घरात लोखंड कापायचा ग्राइंडर चालवणारा माणूस एकच. आमचे जावईबापू.

पहिल्यांदा मी काही बोललो नाही. दुसऱ्यांदाही मूग गिळून बसलो. तिसरा दोर गायब झाला तेव्हा मात्र मनात म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

आमचं काम रुतलेल्या गाड्या बाहेर काढण्याचं. वरचा रस्ता असा की हिवाळ्यात गाड्या बर्फात रुततात, आणि बर्फ विरघळायला लागला की त्याच जागी चिखलात रुततात. आमच्या ट्रकच्या पाठीवर विंच आहे, म्हणजे तारेचा दोर गुंडाळणारं मोठं रीळ. माझी लेक ट्रक आणि विंच सांभाळते, मी खाली उतरून हुक लावतो. गाडी लांब दरीकडे गेली असली तर जोडायला जादा दोर लागतात, ते शेडमध्ये खुंट्यांवर असतात. असायचे.

माझ्या वडिलांनी घालून दिलेली एक पद्धत आहे. ओढण्याआधी दोरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा हात फिरवायचा. हातमोजा नाही, काही नाही. तार आतून तुटायला लागली की तिची बारीक टोकं काट्यासारखी वर येतात. ग्रीस आणि चिखल असला की डोळ्याला दिसत नाहीत, हाताला टोचतात. काही टोचलं नाही, की बाजूला व्हायचं आणि उघडा तळहात वर करून विंचवाल्याला दाखवायचा. तळहात दिसल्याशिवाय आमचं विंच फिरत नाही. कारण ताणलेला दोर तुटला की सपकन उलटा येतो, आणि मध्ये कोण उभं आहे ते बघत नाही. माझ्या चुलत्याचा पाय असाच गेला.

जावईबापू हात फिरवत नाहीत. ते सुती फडकं फिरवतात! कारखान्यात म्हणे असंच करायचे. कारखाना बंद पडला आणि हे आमच्याकडे कामाला आले. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "जावईबापू, दोर तपासताय की भांडी पुसताय?" ते नुसते हसले. हसून गप्प बसणाऱ्या माणसाची मला पहिल्यापासून भीती वाटते.

त्यात घरात कुजबुज सुरू झाली. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की बायको, लेक आणि जावई तिघं एकदम गप्प. एकदा तर जावई चक्क म्हणाले, "यंदा बर्फ बराच पडला, नाही?" अरे, बर्फाबद्दल कुजबुजायचं असतं का?

बायकोने चहाचा स्टीलचा ग्लास फडक्यात गुंडाळून माझ्यासमोर ठेवला. हे तिचं नवीन खूळ.

"गरम आहे हो," ती म्हणाली.

"मी काय कुकुलं बाळ आहे?" मी फडकं भिरकावलं, ग्लास मुठीत धरला आणि चहा पिऊन टाकला. कामाच्या माणसाचे हात असे असतात. तर तिघंही माझ्या हाताकडे बघतायत, जसं काही मी विष प्यायलो. लेकीच्या डोळ्यांत पाणी. जावयाने मान फिरवली.

"काय झालं तुम्हाला?" मी ओरडलो.

"काही नाही, बाबा," लेक म्हणाली. "तुमच्या पायात एकच सपात आहे."

खाली पाहिलं तर खरंच एक. दुसरी बाहेरच्या खोलीत पडलेली. आता सपात घालणाऱ्याला कळणार नाही का ती निघाली ते? तीही कोणीतरी मुद्दाम ओढली असेल, असंच माझ्या मनात आलं. हसू नका. संशय एकदा डोक्यात घुसला की तो सपातेपर्यंत जातो.

बायकोचं दुसरं टुमणं म्हणजे डॉक्टर. "शुगर वाढलीय तुमची. एकदा दाखवून तर या." मी तिला उडवून लावायचो. मला सगळं दिसत होतं. डॉक्टर कागदावर लिहून देणार की ह्यांना काम जमत नाही, मग म्हातारा घरी, जावई हुकावर, ट्रक त्याचा. दोर त्यासाठीच कापले जात होते. दोर कमी पडले, एखादं काम फसलं, की सगळे म्हणणार, म्हाताऱ्याचं लक्ष नाही. मला हुकावरून काढलं तर मी काय करायचं? खिडकीत बसून लोकांच्या गाड्या मोजायच्या? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं मी बायकोला तोंडावर सांगितलं होतं. त्या दिवसापासून तिने डॉक्टरचं नाव काढणं सोडलं. कुजबुज मात्र वाढली.

मग मीही डाव टाकला. जावई बाहेर गेले असताना शेडमधला उरलेला जादा दोर उतरवला. सगळ्या लांबीवर हात फिरवला. रेशमासारखा! कुठे म्हणून काही टोचलं नाही; ग्रीसमध्ये कालवलेला लालसर गंज तेवढा हाताला आला, तो पँटला पुसला. तो गुंडाळून गोणपाटात बांधला आणि ट्रकच्या सीटमागे दडवला. म्हटलं, बघू आता ग्राइंडर कुठपर्यंत पोचतो.

त्याच आठवड्यात दुपारी फोन आला. दुधाचा टँकर वळणावर रस्ता सोडून उताराला गेला होता. आम्ही तिघं निघालो. वर बर्फ, खाली चिखल, आणि टँकर मागच्या चाकांवर बसलेला. ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर दाबून दाबून आणखी खोल चाललेला.

"बंद करा ते आधी!" मी लांबूनच ओरडलो. "विहीर खणताय का?"

"दूध नासेल हो, काका. ओढा की पटकन."

पटकन! सगळ्यांना पटकन हवं असतं. आधी त्याच्या सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढला, नाहीतर धूर आत केबिनमध्ये भरतो आणि माणूस बसल्या जागी झोपतो. मग फावड्याने चाकांपुढचा चिखल उपसला, खाली फळ्या सरकवल्या. ड्रायव्हर बंपरकडे बोट दाखवायला लागला, इथे लावा हुक. मी म्हटलं, बंपर घरी न्यायचाय की टँकर? हुक चासीच्या कडीला लागतो. हे सगळं जावई न बोलता करत होते, आणि नीट करत होते, हे मला कबूल करावंच लागेल. तेही माझ्या डोक्यात जात होतं.

विंचचा दोर टँकरपर्यंत पुरेना.

"बाबा, जादा दोर एकही नाही," जावई म्हणाले. "मी खाली जाऊन नवा घेऊन येतो. थोडा वेळ लागेल."

"नाही कसा?" मी केबिनमध्ये चढलो, सीटमागून गोणपाट ओढलं आणि त्यांच्या पायाशी टाकलं. "हा काय आहे? हा तेवढा तुमच्या ग्राइंडरला सापडला नाही!"

जावयाचा चेहरा खर्रकन उतरला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! चोर पकडला. लेक केबिनमधून बघत होती, तिच्यासमोर पकडला.

"बाबा, हा दोर नको," ते हळूच म्हणाले.

"का?"

"मला एकदा फडकं फिरवू द्या त्याच्यावर."

"मी हात फिरवलाय."

"तरी एकदा..."

"जावईबापू, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून हा हात दोरांवरून फिरतोय. बाजूला व्हा!"

ते बाजूला झाले नाहीत. माझ्या मनगटाला धरायला आले. मी हिसडा दिला. लेक खाली उतरायला लागली, तिच्यावरही ओरडलो, "वर बस! विंच तुझं, दोर माझा!" ती बसली. वडिलांच्या पद्धतीविरुद्ध ती कधीच गेली नाही.

मी दोर जोडला, हुक कडीत अडकवला. जावयाने तेवढ्यात दोन ओली घोंगडी आणून दोरावर टाकली, तुटला तर उसळू नये म्हणून, आणि ड्रायव्हरला दंडाला धरून पार वरच्या दगडामागे नेला. मग परत येऊन माझ्या शेजारी उभे राहिले, दोराच्या अगदी माऱ्यात.

"तिथे कशाला उभे? मरायचंय?"

"तुम्ही हलाल तेव्हाच मी हलेन," ते म्हणाले.

हे काय नाटक, म्हणून मी दुर्लक्ष केलं. घोंगडी सरकवत, टँकरच्या हुकापासून ट्रकपर्यंत, सगळ्या दोरावर उघडा हात फिरवला. मुद्दाम सावकाश, त्यांना दाखवत. काही टोचलं नाही. मग जावयाला पुढे घालून रस्त्याच्या कडेला वर चढलो आणि लेकीकडे तोंड करून तळहात उंच धरला.

विंच फिरलं नाही.

मी हात आणखी वर केला. विंच गप्प. काचेआड लेक तोंडावर हात धरून बसलेली.

"अगं, फिरव!" मी ओरडलो. "दिसत नाही का हात?"

"काका," दगडामागून ड्रायव्हर म्हणाला, "हाताला काय झालंय तुमच्या?"

बाहीत काहीतरी ओलं गेलं होतं. मला वाटलं, चिखल. मी हात खाली आणून पाहिला. तळव्यावर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत चिरा पडल्या होत्या आणि रक्त मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं. माझाच हात. मी त्याच्याकडे दुसऱ्याचा असल्यासारखा बघत राहिलो. दुखत नव्हता. जरासुद्धा नाही. बर्फाने बधिर झाला असेल म्हणून दुसऱ्या हाताने चिरेवर जोरात दाबलं. तरी नाही.

जावयाने खाली उतरून आपलं फडकं दोरावर फिरवलं. ते अडकलं. सोडवून पुढे नेलं, पुन्हा अडकलं. मध्यावर तर असं गुंतलं की फाटलं. दोर रेशमासारखा नव्हता. तो काट्याचं कुंपण झाला होता. त्यावर अख्खा दुधाचा टँकर लटकणार होता, आणि ट्रकच्या मागच्या काचेला नाक लावून माझी पोर बसली होती. दोर सुटला असता तर पहिला त्या काचेवर आला असता. मी तिथेच बर्फात बसलो.

लेक धावत आली. तिने ओढणी फाडून माझा हात बांधला.

"सगळे असेच होते?" मी जावयाला विचारलं. "कापलेले?"

त्यांनी मान डोलावली. "खराब दोर कापूनच टाकायचा असतो, बाबा. नुसता बाजूला ठेवला तर कोणीतरी पुन्हा वापरतं."

कोणीतरी! अजूनही सरळ 'तुम्ही' म्हणत नव्हते.

"मग सांगितलं का नाही? तोंड नव्हतं?"

"आईंनी शपथ घातली होती. तुम्ही त्यांना म्हणालात ना, काम सुटलं तर मेलेलं बरं. आणि सांगितलं असतं तर तुम्ही मला घराबाहेर काढलं असतं."

"काढलंच असतं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

लेक रडता रडता हसली. मला मात्र हसू येईना. चहाचा ग्लास आठवला, सपात आठवली. तिघं स्वयंपाकघरात ट्रकबद्दल नव्हे, माझ्या हातापायांबद्दल कुजबुजत होती.

जावई खाली जाऊन नवा दोर घेऊन आले. तोवर ड्रायव्हर एकदाही पटकन म्हणाला नाही. जावयाने नव्या दोरावर दुसरं फडकं फिरवलं, आणि मी बरोबर चालत डोळे फाडून बघत गेलो. फडकं कुठेही अडकलं नाही. ते जसंच्या तसं त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"दाखवा तिला."

"तू दाखव," मी म्हटलं. "ज्याने तपासलं त्याने दाखवायचं. पद्धत आहे आमची."

सगळे बाजूला झाल्यावर जावयाने फडकं वर केलं. लेकीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. विंच फिरलं, दोर ताणला, आणि टँकर फळ्यांवर चढत रस्त्यावर आला. मी लोकांसारखा लांब उभा राहून बघत होतो. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

घरी बायकोने काही विचारलं नाही. लेकीने फोनवर सगळं सांगितलं असणार. बायकोने हातावरची ओढणी सोडली, हात कोमट पाण्याने धुतला, आधी स्वतःच्या कोपराने पाणी तपासून. मग कापसावर औषध घेऊन चिरांवर लावायला लागली.

"उद्या जाऊ डॉक्टरकडे," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मग खालमानेने विचारलं, "झोंबतंय का हो?"

तिच्याकडे पाहिलं आणि मला नाही म्हणवेना.

"झोंबतंय," मी म्हणालो. "फार झोंबतंय."

तिला सगळं माहीत होतं. तरी ती माझ्या तळहातावर फुंकर घालत बसली.