खडूची फुली आणि आडवी दाढ

मी एक जुनी अक्कलदाढ आहे. मित्रांनो, नावात अक्कल असली तरी माझी वाट सुरुवातीलाच चुकली. सगळ्यांत उशिरा आले, तोवर जबड्यात जागा उरली नव्हती. मग मी हाडातच आडवी झाले आणि शेजारच्या दाढेला डोकं टेकून पडून राहिले.

माझी मालकीण कपडे शिवते. गल्ली तिला टाकेमावशी म्हणते. ओठांत टाचण्या धरून ती बोलते, तरी गिऱ्हाइकाला शब्द न् शब्द कळतो. माझी शेजारीण, म्हणजे ती पुढची दाढ, तिच्यासाठी वर्षानुवर्षं राबली. मी आयती बसले, वर माझ्यामुळे हिरडीखाली घाण साचून सूज यायची. पण कळ उठे शेजारणीत, म्हणून बोलणी तिलाच बसत. करून सवरून मी नामानिराळी.

एके सकाळी मावशीने आरशात बघून गालावर निळ्या खडूने फुली मारली. खुणेवर कात्री चालवली की चूक होत नाही, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव.

"खूण करूनच आणलीय," दवाखान्यातल्या खुर्चीत बसत ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "फुलीखालची दाढ काढून टाका."

फुली शेजारणीवर होती. चोर सोडून संन्याशाला फाशी!

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "मावशी, आधी फोटो काढू. माप न घेता तुम्ही कापड कापता का?"

मावशीने मान मागे टेकून आ केला. फोटोत मी रंगेहाथ सापडले.

"ही बघा, खरी त्रास देणारी. आडवी आहे, अर्धी हाडात. चिमट्याला पकडच मिळायची नाही. हिरडी कापून, थोडं हाड कोरून, तुकडे करूनच काढावी लागेल."

"आणि पुढची?"

"तिला हात लावायचा नाही. चांगली ठणठणीत आहे ती."

मावशीने रुमालाने फुली पुसली.

आठवडाभर औषधं घेऊन सूज उतरली, मग जबडा बधिर करून मला काढलं. माझे दोन तुकडे झाले, पण बाईंचा हात इतका हलका होता की मला त्यांचा राग कधी आलाच नाही. घरी गेल्यावर मावशीने आरशात हिरडीचे टाके तपासले. "जरा लांब पडलेत," ती सुजल्या गालाने म्हणाली, "पण सरळ आहेत."

मलाही तिने पुडीत बांधून घरी आणलं होतं; आता मी तिच्या बटणांच्या डब्यात असते. मित्रांनो, दुखऱ्या जागेवर आपणच फुली मारू नका. जाणत्या माणसाला आत बघू द्या. बाईंनी पाहिलं नसतं तर माझ्या पापाची शिक्षा शेजारणीने भोगली असती. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

परवा मावशी डब्यात बटण शोधत होती. शोधता शोधता तिने तोंडात फुटाणे टाकले आणि शेजारणीने ते कडाकडा फोडले. इतकी वर्षं मी तिच्या अंगावर रेलून होते, पण तिला असं मोकळेपणी काम करताना मी पहिल्यांदाच ऐकलं.